खटखटबाईंचा जुना लॅपटॉप

कोर्टाच्या लांबलचक व्हरांड्याच्या पार टोकाला, जिथे दुपारनंतर ऊन येत नाही, तिथे खटखटबाई बसायच्या. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर यायचं. नवखा माणूस दारात आला आणि अर्ज कुठे टाइप करून मिळेल असं विचारू लागला, की दारावरचा शिपाई बोट दाखवायचा नाही. नुसतं "ऐका" म्हणायचा. मग त्या माणसाला आवाज यायचा आणि आवाजाच्या मागे मागे जात तो बाईंच्या टेबलापाशी पोचायचा.

टायपिस्ट व्हरांड्यात इतरही होते, पण एवढा आवाज कुणाचा नव्हता. बाई ज्या क्लासमध्ये टायपिंग शिकल्या, तिथल्या शिकवणाऱ्या बाई फार कडक होत्या. कागदाखाली कार्बन घालून चार प्रती काढायला लावायच्या आणि वरची प्रत बघायच्याच नाहीत. एकदम चौथी उचलायच्या. चौथीवर उमटलं नाही ते अक्षर टाइपच झालं नाही, असा त्यांचा कायदा. त्यामुळे खटखटबाईंची बोटं सुतारासारखी झाली होती. त्या कळ दाबत नसत, ठोकत. शेजारी बसणारे शिक्केवाले काका, जे रबरी शिक्के बनवून द्यायचे, ते म्हणायचे की बाईंनी अर्ज टाइप केला की न्यायाधीशाला तो वाचावा लागत नाही, नुसता चाचपला तरी कळतो.

बाईंचे दोन नियम होते. पहिला नियम रांगेचा. वकील असो, की हातगाडीवाला, ज्याचा कागद आधी आला त्याचा आधी. आणि स्वतःचं काम सगळ्यांच्या शेवटी. एकदा त्यांच्या घराच्या मोजणीचा अर्ज द्यायचा होता, तर तो बिचारा इतरांच्या कागदांखाली पडून पडून पिवळा झाला. भाऊ चिडला. बाई म्हणाल्या, मी माझाच अर्ज वर काढला तर उद्या लोक माझ्या टेबलावर कागद का ठेवतील?

दुसरा नियम पावतीचा. आयुष्यभर त्यांनी जे अर्ज टाइप केले, त्यांत एक वाक्य इतक्या वेळा आलं होतं की बोटांना ते डोळे मिटून येई: "विश्वासाने व्यवहार झाल्यामुळे पावती घेतलेली नाही." हे वाक्य आलं की पुढे काय होणार ते बाईंना ठाऊक असायचं. त्यामुळे त्या स्वतः छत्री दुरुस्तीला टाकली तरी चिठ्ठी मागायच्या.

तर अशा त्या बाई. साठीला टेकलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात, आणि पाठ जरा दुखरी.

एके दिवशी मोठे कारकून खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी भिंतीवर एक कागद चिकटवला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून टाइपरायटरवर केलेले अर्ज घेतले जाणार नाहीत. अर्ज कॉम्प्युटरवर करायचा, पेनड्राइव्हमध्ये आणायचा, आतल्या खोलीत छापून मिळेल. ज्या टायपिस्टकडे कॉम्प्युटर नसेल, त्याची व्हरांड्यातली जागा दुसऱ्याला दिली जाईल.

कागद वाचून दोघातिघांनी त्याच दिवशी गाशा गुंडाळला. मोठे कारकून बाईंच्या टेबलापाशी थांबले आणि फार हळुवारपणे म्हणाले की तुम्ही खूप वर्षं सेवा केलीत, आता विश्रांती घ्या, आम्ही तुमचा छोटासा सत्कार करू.

"सत्कार कशाला?" बाई म्हणाल्या. "मी कुठे चाललेय?"

घरी आल्यावर तीच गोष्ट दुसऱ्या तोंडून ऐकावी लागली. बाईंनी लग्न केलं नव्हतं. त्या धाकट्या भावाकडे राहायच्या. भाऊ विमा कंपनीत होता आणि त्याला प्रत्येक गोष्टीत धोका आधी दिसायचा. त्याचंही फारसं चुकलं असं नाही. बहिणीची पाठ त्याला दिसत होती, आणि खरं सांगायचं तर ती रोज व्हरांड्यात बसते हे ऑफिसात सांगायला त्याला थोडं जड जायचं. त्याने समजावलं की या वयात नवं यंत्र शिकणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. नवा कॉम्प्युटर घ्यायची ऐपत नाही आणि जुना घेशील तर फसशील.

"ताई, आता पुरे की. कोणासाठी करतेस एवढं?"

"माझ्यासाठी," बाई म्हणाल्या. "दुसरं कोणी रांगेत दिसत नाही."

वहिनी स्वयंपाकघरात हसली, पण भावाला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक दुकान होतं. काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'नव्यासारखे जुने लॅपटॉप'. मालक चाळिशीचा, जिभेवर साखर. तो बोलता बोलता हातातल्या मऊ फडक्याने लॅपटॉप असा पुसायचा की जणू ते तान्हं बाळ आहे. बाई आत गेल्या तशी त्याने "या मावशी, या" म्हणत खुर्ची पुढे केली, नातवासाठी हवाय का विचारलं, आणि नातवाचा विषय नाही हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. तरी सावरून त्याने एक काळा लॅपटॉप काढला. मोठ्या संस्थेतून आलेला माल, म्हणाला, साहेब लोकांनी वापरलेला, ओरखडासुद्धा नाही. बॅटरी अर्धा दिवस सहज जाईल.

आता बाईंना यंत्र घेण्याची एक पद्धत शिकवलेली होती. क्लासवाल्या बाई सांगायच्या की विकाऊ यंत्र थंड असताना पारखू नये. आधी भरपूर चालवावं, तापू द्यावं. थकल्यावर यंत्र खरं बोलतं, माणसासारखंच. बाईंच्या मनात ते होतं. पण मालकाने घाई अशी लावली की दुसरं गिऱ्हाईक याच लॅपटॉपसाठी येऊन बसेल, तुम्ही चहा घ्या, फक्त बटणं बघून घ्या. आणि इथेच बाई चुकल्या. कारण त्यांच्या लेखी यंत्र म्हणजे कळा. कळा ठीक तर सगळं ठीक. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकेक कळ ठोकून पाहिली. कपाटावरची फुलदाणी थरथरली. मालकाने दोनदा हात पुढे केला आणि मागे घेतला. प्रत्येक अक्षर पडद्यावर उमटलं. एकही चुकलं नाही.

बाईंना बरं वाटलं. चौथी प्रत वाचता येत होती, मग अजून काय हवं.

बिलाचा विषय निघाला तेव्हा मालक म्हणाला, "बिल कशाला मावशी, माझा शब्द आहे."

"शब्दाची झेरॉक्स निघत नाही," बाई म्हणाल्या. "आणि मी तुमची मावशी नाही. गिऱ्हाईक आहे."

त्यांनी बिल लिहून घेतलं. लॅपटॉप पालथा करून खालचा नंबर त्यावर उतरवायला लावला. एक महिन्यात बिघडल्यास दुरुस्त करून किंवा बदलून देऊ, हे मालक तोंडाने म्हणत होता तेही लिहवून घेतलं. सही करताना त्याच्या जिभेवरची साखर जरा कमी झाली होती.

संध्याकाळी भाची आली. ती भावाची मुलगी, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायची, दवाखान्यात नर्स होती. आत्याने लॅपटॉप घेतला म्हटल्यावर ती ड्यूटीवरून थेट तिकडेच आली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला गेला. भाऊ पेपरामागे बसला होता, पण पान काही उलटत नव्हता.

भाचीने आधी स्वतःचं नाव टाइप केलं. नाव आलं, पण मधलं अक्षर गळून. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग तिने आणखी काही कळा दाबून पाहिल्या, तर डाव्या करंगळीखालची पूर्ण बाजू मुकी.

"आत्या, यातली बटणं लागतच नाहीत."

"सरक," आत्या म्हणाली आणि तीच कळ ठोकली. अक्षर हजर. "सासरी जेवायला घालत नाहीत वाटतं तुला."

भाचीने हळू दाबलं, नाही आलं. आत्याने ठोकलं, आलं. असं दोनतीनदा झाल्यावर आत्याचं हसू मावळलं. दुकानात काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं. कळा मेलेल्याच होत्या. बाईंच्या बोटांनी त्यांना मारून मारून उभं केलं होतं. आयुष्यभर ज्या हातांचा अभिमान बाळगला, त्या हातांनीच मालकाच्या बाजूने साक्ष दिली होती.

मग भाचीचा कोपर लागून वायर निघाली आणि पडदा गपकन काळा झाला. अर्धा दिवस चालणारी बॅटरी वायर निघाल्यावर मिनिटभरही टिकली नाही. भावाचा पेपर थोडा खाली आला. भाचीने वायर लावली, फोनवरून नेट जोडलं, म्हणाली बघू तरी काय काय आहे आत. नेट लागताच पडदा निळा झाला आणि मधोमध ओळी उमटल्या. हा संगणक एका संस्थेच्या मालकीचा आहे, संस्थेच्या परवानगीशिवाय तो वापरता येणार नाही. खाली संस्थेचं नाव आणि फोन नंबर. त्यानंतर कुठलीही कळ कशीही ठोकली तरी त्या ओळी हलल्या नाहीत.

भावाने पेपराची घडी घातली. बोलला तो एवढंच, की चोरीचा माल घरात ठेवायचा नाही, उद्या देऊन टाक आणि गेलं ते गेलं समज. बहिणीच्या चेहऱ्याकडे बघून "मी सांगितलं होतं" हे शब्द त्याने गिळले. ते गिळताना त्याला काय कष्ट पडले ते वहिनीला दिसले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी व्हरांड्यातून त्या संस्थेला फोन लावला. शिक्केवाले काका कान देऊन बसले होते. मध्येच हळूच म्हणाले, "बाई, आता आरोपीही तुम्ही आणि टायपिस्टही तुम्हीच. जबाब एका बैठकीत उरकेल." बाईंनी त्यांच्याकडे बघितलं तसे ते शिक्क्याची शाई शोधू लागले.

पलीकडे जो माणूस होता तो भला निघाला. त्याने नंबर विचारून घेतला आणि सांगितलं की हा चोरीचा नाही, आम्हीच जुना माल एकगठ्ठा विकला होता. घेणाऱ्याने सगळे नंबर आणि खरेदीचा कागद आणून कुलूप काढून न्यायचं होतं. तो पुन्हा फिरकलाच नाही. तुमच्या दुकानदाराने कुणाकडून घेतला ते बघा. कागद घेऊन आला की त्याच दिवशी सोडवून देतो.

कोर्ट सुटल्यावर बाई दुकानात गेल्या. मालकाने बिल वाचलं, पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हणाला की बॅटरी वॉरंटीत येत नाही. बटणं दुकानात चालत होती, तुम्हीच तपासलीत, अख्खं दुकान हादरलं होतं. आणि कुलूप म्हणजे काही बिघाड नाही, यंत्र तर चालू आहे. फोनवर काय कळलं ते बाईंनी सांगितलं आणि खरेदीचा कागद घेऊन संस्थेत जा म्हणाल्या. मालक इकडेतिकडे बघू लागला. मग हळूहळू बाहेर पडलं की त्याने तो गठ्ठा एका मधल्या माणसाकडून घेतला होता, विश्वासाने. पावती नव्हती.

बाईंच्या बोटांना ते वाक्य आपोआप सुचलं.

मालक खुर्ची जवळ ओढून बसला. आमच्याकडे एक पोरगा आहे, म्हणाला, थोडे वर द्या, तो कुलूप फोडून देईल, कुणाला कळणारसुद्धा नाही.

"कुलूप फोडून आत शिरणाऱ्याला काय म्हणतात, ते मी रोज टाइप करते," बाई म्हणाल्या.

मग मात्र त्याचा आवाज चढला. भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. वाचता येतं ना? मग कोर्टात जा.

"तिथूनच आले," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्या रात्री त्यांना झोप लागली की नाही ते सांगता येत नाही. पण सकाळी त्या कोर्टाकडे वळल्याच नाहीत. त्यांनी घडीचं टेबल काखेत मारलं, टाइपरायटर हमालाच्या डोक्यावर दिला आणि बाजाराच्या मागच्या गल्लीत आल्या. लॅपटॉपच्या दुकानासमोर एका बाईंचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्यांच्या दारापुढे दोन पायऱ्या आणि वर छोटी जागा होती. इथे बसू का, असं बाईंनी विचारलं. झेरॉक्सवाल्या बाईंनी कारण विचारलं, ऐकलं, आणि आतून स्वतःचा पंखा आणून लावून दिला. त्यांनीही एक लॅपटॉप समोरूनच घेतलेला होता, पण ते त्यांनी नंतर सांगितलं.

बाईंनी एक पुठ्ठा उभा केला. 'तक्रारअर्ज टाइप करून मिळतील. जुना लॅपटॉप घेऊन फसलेल्यांना फुकट.'

दुकानाचं नाव त्यावर नव्हतं. कुणाकडे बोटही नव्हतं. पुठ्ठ्याचं तोंड मात्र समोरच्या काचेकडे होतं.

पहिला अर्ज त्यांनी स्वतःचा टाइप केला, कारण तेव्हा रांगेत दुसरं कोणी नव्हतं. ग्राहक मंचाच्या नावाने, बिलाच्या तारखेसकट, यंत्राच्या नंबरासकट. गल्ली अरुंद होती आणि खटखट दोन्ही भिंतींवर आपटून परत यायची. आवाज कसला म्हणून लोक थांबले. थांबले की पुठ्ठा वाचायचे. पुठ्ठा वाचला की समोर बघायचे. बाई कुणाला बोलावत नव्हत्या, कुणाला अडवत नव्हत्या. दुकानात जाणारा एखादा जवळ येऊन विचारायचा की जुना घेताना काय बघावं. तर त्या टाइप करता करता सांगायच्या, वायर काढून चालवून बघा. तिथल्या तिथे नेट जोडून बघा. तापेपर्यंत चालू ठेवा. बटणं अगदी हळू दाबा, माझ्यासारखी नको. आणि नंबर घातलेलं बिल घ्या, त्याच्या आधी खिशात हात घालू नका.

दुपारी एक व्हॅन चालवणारा आला. मुलीच्या अभ्यासासाठी त्याने याच दुकानातून लॅपटॉप घेतला होता, तोही निळा होऊन बसला होता. मुलगी रडून रडून थकली होती आणि त्याने तिला सांगितलं होतं की तुझ्याच हातून बिघडला. हे तो अर्ज सांगताना बोलून गेला. बाईंनी त्याचा अर्ज टाइप केला आणि आपल्या अर्जाच्या वर ठेवला. त्याच्यानंतर आणखी आले. प्रत्येकाचा कागद आधीच्या खाली आणि बाईंच्या वर. बाईंचा अर्ज आपला तळाशी.

दुसऱ्या दिवशी मालकाने काचेचं दार उघडलं, नोकराकरवी पाण्याचा ग्लास पाठवला आणि आत येऊन बसा म्हणाला. बाईंनी पाणी पिऊन ग्लास परत पाठवला. तिसऱ्या दिवशी तो स्वतः आला. हातात दुसरा लॅपटॉप होता, स्वच्छ, कुलूप नसलेला. हा माझा स्वतःचा, म्हणाला, एकदम चांगला, घ्या आणि कृपा करून घरी जा. फक्त तो पुठ्ठा आडवा करा.

नेमका तेव्हाच भाऊ गल्लीत आला होता. ऑफिसात कुणीतरी त्याला सांगितलं होतं की तुझी बहीण बाजारात रस्त्यावर बसलीये. तो लालबुंद होऊन आला होता, पण मालकाचं बोलणं ऐकून त्याचा चेहरा उजळला.

"घे ना ताई," तो म्हणाला. "महिना संपत आला. तुझी जागा जाईल. घे आणि चल."

बाईंनी त्या लॅपटॉपकडे बघितलं. त्यांना तो हवा होता. कोर्टाचा व्हरांडा, तो सावलीचा कोपरा, शिक्केवाल्या काकांची रोजची टिंगल, सगळं त्या डबीत होतं. हात पुढे केला की झालं. भाऊ बघत होता, झेरॉक्सवाल्या बाई बघत होत्या, व्हॅनवाला पायरीवर बसून खाली मान घालून बूट बघत होता.

बाईंनी अर्जांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "माझा नंबर अजून यायचाय," त्या मालकाला म्हणाल्या. "वरून सुरुवात करा. हे व्हॅनवाले पहिले."

"त्यांचा आणि तुमचा काय संबंध?"

"एकाच रांगेत आहोत."

मालक पाय आपटत गेला. भावाने कपाळाला हात लावला, वेडी आहेस म्हणाला, तुझ्या तत्त्वांपायी तुझीच भाकरी जाईल म्हणाला, आणि तरातरा निघून गेला. बाईंनी त्याला अडवलं नाही. पण पुढच्या अर्जात त्यांच्या दोन चुका झाल्या, ज्या त्यांच्या हातून सहसा होत नसत.

तासाभराने भाऊ परत आला. त्याने घरातली उशी बाईंच्या पाठीमागे खोचली, ती नीट बसली का ते दाबून बघितलं, आणि झेरॉक्सवाल्या बाईंकडून एक स्टूल मागून शेजारी बसला. ज्यांना आपली हकीकत सांगता येत नव्हती त्यांना तो प्रश्न विचारून विचारून सांगायला लावू लागला. विमा कंपनीत तो हेच करायचा.

त्या दिवशी समोर एकही लॅपटॉप विकला गेला नाही. काचेतून मालक दिसायचा, हातात फडकं, पण पुसायला काही घेत नव्हता. संध्याकाळी त्याने दुकान लवकर बंद केलं आणि तो मधल्या माणसाला शोधायला गेला. तो सापडायला वेळ लागला म्हणतात, आणि सापडल्यावर तिथे काय भाषा झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. पण शेवटी दोघे मिळून संस्थेत गेले, नंबरांची यादी घेऊन, खरेदीचा कागद घेऊन. तिथला भला माणूस भलाच राहिला.

मग कुलपं निघू लागली. मालकाने वरून सुरुवात केली, दुसरा मार्गच नव्हता. व्हॅनवाल्याचा लॅपटॉप सुरू झाला तेव्हा त्याने तिथूनच मुलीला फोन लावला आणि तुझ्या हातून काही बिघडलं नव्हतं एवढंच सांगून पटकन ठेवून दिला. ज्यांच्या बॅटऱ्या मेल्या होत्या त्यांना बदलून मिळाल्या. प्रत्येक जण गेला की त्याचा कागद बाई गठ्ठ्यातून काढून त्याच्या हातात द्यायच्या. लागला तर ठेव म्हणायच्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तळाचा कागद वर आला.

या वेळी बाईंनी घाई होऊ दिली नाही. मालकाने तोच काळा लॅपटॉप आणला, कुलूप काढलेला, नवी बॅटरी, नवा कीबोर्ड. बाईंनी तो पायरीवरच मांडला. वायर काढून बाजूला ठेवली. भाचीच्या फोनवरून नेट जोडलं. मग लॅपटॉप तसाच चालू ठेवून त्या टाइपरायटरकडे वळल्या आणि झेरॉक्सवाल्या बाईंचं पत्र टाइप करत बसल्या. मालक ताटकळत उभा. अधूनमधून त्या लॅपटॉपच्या पाठीला हात लावून बघायच्या, तापलाय का, ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. पत्र संपलं तेव्हा तो चांगला तापला होता आणि तरी चालत होता.

मग कळा. बाईंनी बाकीची बोटं मुठीत घेतली आणि फक्त करंगळीच्या टोकाने, फुलपाखरू बसेल इतक्या हलक्याने, एकेक कळ दाबत गेल्या. त्यांना ते इतकं अवघड गेलं की कपाळावर घाम आला. भाची पडदा बघून अक्षरं मोठ्याने वाचत होती. शेवटची कळ आली तेव्हा भावाने नकळत श्वास सोडला.

बदललेल्या भागांची नावं बाईंनी जुन्या बिलावर लिहवून घेतली आणि मालकाची नव्या तारखेची सही घेतली. मग स्वतः होऊन पुठ्ठा खाली केला. मालकाने विचारलं की झालं का समाधान. बाईंनी त्याच्या भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. ती बदलायची असेल तर मजकूर मी टाइप करून देईन, म्हणाल्या, पण तुम्हाला फुकट नाही.

पहिल्या तारखेला मोठे कारकून व्हरांड्यात फेरी मारायला आले. त्यांच्या मागे दोन तरुण होते, रिकाम्या होणाऱ्या जागा बघायला आलेले. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच त्यांची पावलं मंदावली, कारण तिकडून आवाज येत होता. टाइपरायटर टेबलाखाली कापडात गुंडाळून ठेवलेला होता. टेबलावर लॅपटॉप, भाचीने रात्री बसून वापरायला शिकवलेला पेनड्राइव्ह, पाठीमागे उशी, समोर गिऱ्हाईक, आणि बाई त्या बिचाऱ्या नव्या कळांवर अशा तुटून पडलेल्या की शेजारच्या शिक्क्यांच्या शाईच्या बाटल्या किणकिणत होत्या.

मोठ्या कारकुनांनी पडदा बघितला, पेनड्राइव्ह बघितला, आणि काही न लिहिता पुढे गेले. तरुण दोघं क्षणभर थांबले आणि मग तेही गेले.

ते दिसेनासे झाल्यावर शिक्केवाले काका वाकून म्हणाले, "बाई, जरा हळू. या कळा नाजूक असतात म्हणे, महिनाभरात निघून हातात येतील."

"बिल आहे माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "आणि हळू वाजवलं तर आतल्या लोकांना वाटेल, बाई घाबरली."